बागेत वाळूचं व्हॉलीबॉल कोर्ट: एक की दोन, आणि वाळू आणायची कुठून?

डावखुरी (धागाकर्ती)

पुण्यात कर्वेनगरात आमच्या घराजवळच्या बागेत मागच्या भिंतीला लागून एक रिकामा तुकडा आहे. पावलांनी मोजला तर साधारण ३० बाय २५ मीटर भरतो. तिथे गवत धरत नाही, कोणी बसत नाही, अधूनमधून रात्रीतून कोणीतरी राडारोडा आणून टाकतं. आसपासच्या सोसायट्यांतली मुलंमुली रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये नेट बांधून खेळतात. मग गाडीवर बॉल आपटला की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे जमा होतात.

डोक्यात असं आहे की त्या तुकड्यात वाळूची दोन कोर्टं करावीत. वाळूत पडलं तरी गुडघे फुटत नाहीत आणि दोन-दोन जणांचा सामना रंगतो, संघ जमायची वाट बघावी लागत नाही. नियमांप्रमाणे कोर्ट १६ बाय ८ मीटर, चारही बाजूंनी निदान ३ मीटर मोकळी वाळू, खोली ४० सें.मी. नेट पुरुषांसाठी २.४३ मीटर, बायकांसाठी २.२४. एवढं मला माहीत आहे. माहीत नाही ते असं: वाळू किती लागेल, पैसे किती लागतील आणि अर्ज नेमका कुठे करायचा. स्थापत्यवाले, हिशेबवाले आणि बागवाले, तिघांनीही लिहा.

तिरपा_शॉट

+१००. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जायला आमच्याकडून तास लागतो. जवळ कोर्ट झालं तर मी रोज येईन.

एक विनंती मात्र आहे. आमच्या गटात सहा-सहा जण खेळतात, त्याला १८ बाय ९ लागतं. १६ बाय ८ केलंत तर आम्ही बाहेर.

गिलावा

पेशाने स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे पैशांच्या आधी मापांवर येतो.

एका कोर्टाला मोकळ्या वाळूसकट २२ बाय १४ मीटर जागा लागते, म्हणजे ३०८ चौरस मीटर. ४० सें.मी. खोली धरली की १२३ घनमीटर वाळू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. तेव्हा एका कोर्टाला साधारण ४४ ब्रास. वजनात बघाल तर दोनशे टनांच्या आसपास. दोन कोर्टं शेजारी-शेजारी, मध्ये ४ मीटर सोडून केलीत तर २६ बाय २२ मीटर आणि ८१ ब्रास. तुमच्या तुकड्यात दोन बसतात, पण अगदी ठासून. चालायला, बसायला, चपला काढायला जागा उरणार नाही.

वाळूचा आकडा ऐकून लोक दचकतात. माझं म्हणणं, वाळूचं टेन्शन घेऊ नका, पाण्याचं घ्या. पुण्यात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पत्थर. काळ्या मातीतून पाणी झिरपत नाही. अशा जमिनीत ५५ सें.मी. खड्डा खणून (४० वाळू, १५ खडी) त्यात वाळू भरलीत की तुम्ही कोर्ट नाही, हौद बांधलात. एका दिवसात ५० मि.मी. पाऊस पडला तर फक्त त्या ३०८ चौरस मीटरवर १५ हजार लिटरच्या वर पाणी पडतं, म्हणजे दहा हजारी टँकर दीड. ते जाणार कुठे?

उपाय असा. अर्धं खोदायचं, अर्धं वर उचलायचं. २५ सें.मी. खाली, ३० सें.मी. वर, बाहेरून मातीचा उताराचा बांध आणि त्यावर हिरवळ. खोदाई ६० ब्रासवरून २७ वर येते. तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर धुतलेली खडी, खडीत भोकांचे पीव्हीसी पाइप, पुन्हा जिओटेक्स्टाइल, मग वाळू. पाइपाला मीटरला १ सें.मी. उतार. हिशेब केलात तर पाइप जिथे बाहेर पडतो तिथे चेंबरचा तळ जमिनीपासून निदान ६०-६५ सें.मी. खाली हवा. आणि तो पावसाळी गटाराचा चेंबर हवा, मैलापाण्याचा नव्हे. असा चेंबर जवळपास नसेल तर कोर्टाचा विचार सोडा, दुसरी जागा शोधा.

@तिरपा_शॉट, खड्डा २४ बाय १५ मीटरचा केला तर दोन्ही मापं मारता येतात. वाळूवर रेषा रंगवत नाहीत, ५ सें.मी. रुंद पट्ट्या असतात, त्या हलवता येतात. वाळू ४४ ब्रासवरून ५१ वर जाईल. खांब ११ मीटर अंतरावर रोवा. छोट्या मापाला ते रेषेपासून दीड मीटर पडतील, नियमात १ मीटरपर्यंतच बसतं, पण गल्लीच्या खेळाला कोण पंच येणार आहे मोजायला?

एरंडवणेकर

वाळू म्हणजे नदीची का? नद्यांची काय अवस्था झाली आहे ते बघून तुम्ही ४४ ब्रास खेळायला मागताय! त्यापेक्षा क्रश सँड घाला. बांधकामाला सगळीकडे तीच वापरतात, स्वस्तही आहे.

गिलावा

नदीच्या मुद्द्याशी सहमत, उपायाशी नाही. आपल्याकडची क्रश सँड म्हणजे बेसाल्ट फोडून केलेली. तिचे कण धारदार, कोनेदार. काँक्रीटमध्ये ते एकमेकांत अडकतात म्हणूनच चांगले, पण कोर्टावर नेमकं तेच नको. अडकले की वाळू दडपून घट्ट होते आणि डाईव्ह मारणाऱ्याची कातडी सोलते. दुसरं म्हणजे भुकटी. आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे फोडलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते, नैसर्गिक वाळूत फक्त ३ टक्के. १५ टक्के भुकटी म्हणजे उन्हाळ्यात धुरळा आणि पावसाळ्यात चिखल. तिसरं, काळा रंग. एप्रिलमधे दुपारी चारला त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा.

कोर्टाला गोलसर कणांची, धुतलेली, फिकट रंगाची वाळू लागते. बहुतेक कण अर्धा ते एक मि.मी. फार बारीक घेतली तर घट्ट बसते, म्हणून प्लास्टरची वाळू चालत नाही. लहान-मोठे सगळे कण मिसळलेले असले तरी फटी भरून ती घट्ट बसतेच. कोणी समुद्रावरची सुचवायच्या आधीच सांगतो: किनाऱ्यावरून वाळू उचलायला सीआरझेड (किनारपट्टी संरक्षणाचा नियम) आडवा येतो, शिवाय तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचे तुकडे. खांबांचं लोखंड पहिल्याच पावसाळ्यात गंजायला लागेल. धुतलेली, चाळलेली सिलिका वाळू विकत मिळते, फाउंड्रीवाले वापरतात ती. महाग पडते, पण पावतीसकट येते. नैसर्गिक वाळू घेतलीत तर महसूल खात्याचा वाहतूक परवाना बघितल्याशिवाय एकही गाडी आत घेऊ नका. चोरीची वाळू सार्वजनिक बागेत पडली तर बातमीत नाव तुमचंच येईल.

नमुना तपासायची घरगुती रीत: काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी, खळखळून हलवा आणि रात्रभर ठेवा. वर गाळाचा थर दिसला किंवा पाणी गढूळच राहिलं तर गाडी परत.

पानगळ

बागेच्या बाजूने लिहिते. कृपया त्या कोपऱ्यात झाडं कोणती आहेत ते आधी सांगा. मागच्या भिंतीला लागून म्हणजे बहुतेक सुबाभूळ किंवा पर्जन्यवृक्ष असणार. पर्जन्यवृक्षाखाली कोर्ट केलंत तर रोज पानं, शेंगा आणि बगळ्यांची शीट वेचत बसाल. फांद्यांचा घेर आहे तिथवर खणूच नका, मुळं तुटतात आणि दोन वर्षांनी झाड वाळलं की "आपोआप वाळलं" म्हणतात. तोडायचा विचार तर मनातही आणू नका. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि हरकती मागवल्या तर पहिली हरकत माझी असेल. (हलके घ्या. पण असेलच.)

शिवाय खेळायला डोक्यावर निदान ७ मीटर मोकळं आकाश लागतं ना? मग झाडाखाली नकोच.

डावखुरी

भिंतीलगत दोन पर्जन्यवृक्ष आहेत. त्यांचा घेर सोडला तर तुकडा ३० बाय १७-१८ एवढाच उरतो. म्हणजे दोन कोर्टांचा प्रश्न पानगळताईंनीच निकालात काढला. आणि जागेची लांब बाजू पूर्व-पश्चिम आहे. चालेल का?

तिरपा_शॉट

अजिबात नाही. नेटच्या एका बाजूच्या संघाच्या डोळ्यांत संध्याकाळभर सूर्य. लांबी उत्तर-दक्षिणच हवी.

गिलावा

उत्तर-दक्षिण २२ मीटर लागतात आणि तुमच्याकडे त्या दिशेला १८ आहेत. थोडं तिरकं बसवूनही भागत नाही, म्हणजे राडारोड्याच्या बाजूने जागा वाढवून मागायची. नीट मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. पावलांनी नाही, टेपने.

मुठाकाठचा

ही बाग नदीपासून किती लांब आहे? कर्वेनगर म्हटल्यावर विचारतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत कसं पाणी शिरलं ते समोरच्या काठावरून बघितलं आहे. निळ्या पूररेषेच्या (नदीला पूर आला की पाणी जिथवर येतं त्या सरकारी हद्दीच्या) आत कोर्ट केलंत तर एका रात्रीत ४४ ब्रास वाळूवर गाळाचा थर बसेल. गाळ मिसळलेली वाळू पुन्हा धुता येत नाही, टाकूनच द्यावी लागते.

डावखुरी

नाही नाही, बाग वरच्या अंगाला आहे, पूररेषेच्या बरीच बाहेर. तरी नकाशावर बघून घेते.

त्वचेचा_डॉक्टर

वाचतोय. एक मुद्दा कोणीच मांडलेला नाही: मांजरं आणि कुत्री. मोकळी मऊ वाळू दिसली की ती तिथेच येणार. शाळांमधले लांब उडीचे खड्डे बघा. त्यांच्या विष्ठेतून हुकवर्म या जंताची अंडी वाळूत पडतात, त्यातून निघालेल्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. मग पायावर नागमोडी, भयंकर खाजणारी रेघ सरकत जाते. औषधाने बरी होते, पण चार पोरांना झाली की आईबाप कोर्ट बंद पाडतील.

अळ्यांना ओल आणि सावली लागते. कडक उन्हात कोरड्या वाळूत त्या टिकत नाहीत. त्यामुळे कोर्ट उघड्यावर हवं हा पानगळ यांचा मुद्दा माझ्या बाजूनेही खरा. शिवाय रात्री ताडपत्री आणि चारही बाजूंनी जाळी, खाली फट न ठेवता. ताडपत्री ओल्या वाळूवर दिवसभर ठेवू नका, उलट परिणाम होईल.

जमाखर्च

आता पैसे. खालचे दर मी हिशेबापुरते धरलेले आहेत, अधिकृत नाहीत. पालिकेचा कनिष्ठ अभियंता पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) करेल तेव्हा दरसूचीतले दर घालेल. परिमाणं गिलावा यांची, २२ बाय १४ च्या कोर्टाची.

वाळू ४४ ब्रास, ८ हजारांनी: ३,५२,०००
खडी साडेसोळा ब्रास, साडेतीन हजारांनी: ५८,०००
खोदाई आणि माती बाहेर नेणं, २७ ब्रास: ४०,५००
जिओटेक्स्टाइल आणि पाइप: ४९,०००
७२ मीटर कड, गोल कोपऱ्यांची: ७२,०००
खांब, नेट, खांबांचं पॅडिंग: ६०,०००

बेरीज ६,३१,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले साधारण साडेसात लाख. जाळी आणि ताडपत्री यात नाही, दिवे तर नाहीतच.

दिव्यांबद्दल माझं मत: मागूच नका. बाग रात्री बंद होते, दिवे लावले की वेळ वाढवा म्हणाल, वेळ वाढली की समोरच्या इमारतीतून आवाजाची तक्रार, आणि त्या भांडणात कोर्टच जाईल.

एरंडवणेकर

साडेसात लाख! एवढ्यात ज्येष्ठांसाठी किती बाकडी येतील? बागेत हास्यक्लबाला बसायला जागा नाही आणि इथे वाळू.

तिरपा_शॉट

काका, बाकडी चारही बाजूंना आहेत आणि प्रत्येकावर कोणा ना कोणा माननीयांचं नाव आहे. पोरांना एक कोपरा द्या की.

एरंडवणेकर

काका म्हटलंत म्हणून सोडतो. पण मुद्दा सोडत नाही. एकदा बांधून झालं की बघायला कोण येतं? ओपन जिमची यंत्रं कित्येक बागांत मोडून पडली आहेत. वाळूचंही तेच होणार. वर्षभराने तिथे मांजरं आणि तुम्ही पार्किंगमध्ये.

जमाखर्च

एरंडवणेकर यांच्या या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत, म्हणून सविस्तर लिहितो. बांधायला पैसे मिळवणं त्यामानाने सोपं. राखायला दरवर्षी मिळवणं अवघड, कारण त्याची फीत कापता येत नाही.

वाळू जाते. पायाला, कपड्यांना लागून, वाऱ्याने, पावसाने. सगळीकडे ५ सें.मी. थर कमी झाला तर साडेपाच ब्रास गेली. मी वर्षाला ३ ब्रास भर धरतो, म्हणजे २४ हजार. नेट उन्हाने कुजतं, ते दरवर्षी नवं धरा. ताडपत्रीही तशीच. पाइपाचं तोंड आणि चेंबर पावसाळ्याआधी साफ करणं. आणि मुख्य म्हणजे रोजचं दाताळं: वाळू उकरून, काचा-काड्या वेचून सपाट करणं. खेळताना नेटजवळ खड्डे पडतात आणि कडेला ढीग साचतात. ते रोज ओढले नाहीत तर खडीचा थर उघडा पडतो.

हे काम माळ्याच्या नेहमीच्या कामात आपोआप येत नाही. निविदेतच तीन वर्षांच्या देखभालीसह काम अशी अट घालून घ्या. दोषदायित्व कालावधी वेगळा, तो फक्त बांधकामातल्या दोषांना लागू. दाताळं मारणं त्यात येत नाही.

मुठाकाठचा

तालमीतला हौद पाहिला आहे का कोणी? लाल माती रोज पैलवान स्वतः उकरतात, त्यात तेल, ताक, हळद घालतात. उकरल्याशिवाय वस्ताद कुस्तीला उभं करत नाही. कोर्टालाही हाच नियम लावा. पहिला येणारा गट दाताळं मारणार, शेवटचा ताडपत्री घालणार. ज्याने नाही केलं त्याला दुसऱ्या दिवशी नेट नाही. नेट आणि पट्ट्या कोणाच्या तरी घरी ठेवा म्हणजे चावी हातात राहते.

तिरपा_शॉट

हे आमच्या गटाला मान्य. माझ्याकडून लिहून घ्या.

डावखुरी

आता अर्जाचं. नागरिकांच्या सूचनांचा जो अर्थसंकल्प असतो त्यात टाकावं असं एकीने सुचवलं. दोन अर्ज करायचे का, अर्ध्या-अर्ध्या कामाचे?

जमाखर्च

पुण्यात हा सहभागी अर्थसंकल्प २००६ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा. पण एका कामाची मर्यादा ५ लाख, आणि तुमचं काम साडेसात लाखांचं. अर्ध्या-अर्ध्या कामाचे दोन अर्ज म्हणजे कामाचे तुकडे पाडणं, लेखापरीक्षणात ते पहिलं सापडतं. त्याहून वाईट म्हणजे एक तुकडा मंजूर झाला आणि दुसरा नाही, तर खड्डा आहे आणि वाळू नाही. पावसाळ्यात त्यात डास.

मी असं करेन. सहभागी अर्थसंकल्पात कोर्टाचं नावच काढायचं नाही. मागायचं ते एवढंच: मागच्या कोपऱ्यातला राडारोडा उचलणं, जागा सपाट करणं आणि तिथपर्यंत पावसाळी गटाराची लाइन व चेंबर. हे ५ लाखांच्या आत बसेल आणि उद्या कोर्ट झालं नाही तरी बागेच्या कामाचं आहे. पाणी तुंबणं थांबेल, बाकडीसुद्धा ठेवता येतील (एरंडवणेकर, तुमचीही सही घ्यायला येतो). ते झालं की कोर्टासाठी 'स' यादीतून (अर्थसंकल्पातली नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची यादी) किंवा क्रीडा विभागाकडून, एकच काम म्हणून, देखभालीसकट.

सीएसआरचं (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पैशांचं) कोणी विचारेल म्हणून: कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, आणि बीच व्हॉलीबॉल १९९६ च्या अटलांटापासून ऑलिम्पिकमध्ये आहे. पण शब्द 'प्रशिक्षण' आहे. नुसतं कोर्ट बांधून द्या म्हणालात तर कंपनीचा माणूस कुरकुरेल. शाळेतल्या मुलींसाठी सकाळचा वर्ग आणि त्यासाठी कोर्ट, असं मांडा.

पानगळ

अजून एक. विकास आराखड्यात त्या जागेचं आरक्षण 'उद्यान' आहे की 'क्रीडांगण' ते बघा. दोन्ही वेगळी असतात. उद्यान असेल तर पक्कं बांधकाम जितकं कमी तितकं बरं. कडेला काँक्रीटचा कठडा नको हे मी तशीही म्हणणारच होते.

गिलावा

कडेला काँक्रीट मीही नको म्हणतो, पडणाऱ्याचं डोकं आपटतं. वाळू थेट बांधाच्या माथ्याला भिडवा, मध्ये रबरी कड.

आणि पाय धुवायला नळ मागितलात तर त्याचं पाणी कोर्टाच्या पाइपात सोडू नका. आतून वाळू भरून पाइप चोंदतो आणि तो साफ करायला सगळी वाळू उपसावी लागते. नळाला वेगळा, वाळू धरणारा छोटा चेंबर करा.

डावखुरी

ठरलं तर मग. एकच कोर्ट, पर्जन्यवृक्षांचा घेर सोडून, दिवे नाहीत. आधी गटार आणि सपाटीकरणाचा अर्ज. आरक्षण आणि पूररेषा या आठवड्यात बघते. सहभागी अर्थसंकल्पाच्या अर्जावर आमच्या तीन सोसायट्यांच्या सह्या मिळतील. जागा वाढवून उत्तर-दक्षिण २२ मीटर मिळतात का, तेवढंच आता अडलं आहे.

गिलावा

रविवारी सकाळी सातला ऑटो लेव्हल (उंचसखलपणा मोजायची दुर्बीण) आणि ३० मीटरचा टेप घेऊन येतो. स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) धरायला एक जण लागेल. बागेच्या फाटकाबाहेर पावसाळी चेंबर असेल तर त्याचं झाकण उघडायची परवानगी आधी घेऊन ठेवा, तळ मोजल्याशिवाय मी आकडा देणार नाही.

तिरपा_शॉट

स्टाफ मी धरतो. दोरी आणि चुनाही आणतो, कोर्ट जागेवर आखूनच बघू.

एरंडवणेकर

मी रोज सातला तिथेच असतो. बाकड्यांची जागाही त्याच चुन्याने आखून घ्या.